पिको-फॉल

भाचा फोन विसरून गेला दुकानात
आणि फोन वाजतच राहिला.

आधी वाटलं, बिघडलाय.
तुणतुण्याची एकच तार,
तीही कुणीतरी गजानं घासतंय,
मागं जात्याची घरघर, आणि एक बाई
ओवी म्हणता म्हणता खोकते.
खोकला तसाच ठेवलाय!
आमच्या धंद्यात असं कापड परत येतं.

फोनला कुलूप, आकडा मला ठाऊक नाही.
बाहेर नारायण पेठेच्या बोळात
टेम्पो रिव्हर्स घेत कुईकुई करत होता,
शेजारी दाऊदभाईंकडे पत्रा कापणं चाललेलं,
माडीवरच्या क्लासात सतराचा पाढा.
मी मोतिया साडीला फॉल लावत बसले.

किती वेळानं कोण जाणे,
टेम्पो त्या तारेत बसला.
सुरात नव्हे. बसला, इतकंच.
न जुळणारा काठ
एखाद्या ब्लाउजला शोभून जातो, तसा.
सतरा पंचे पंच्याऐंशीला बाई श्वास घ्यायची.
दाऊदभाईंनी तर सम एकदाही चुकवली नाही,
त्यांना सांगितलं तर हसतील.

मी मशीन मुद्दाम हळू केलं.
मग जोरात.
मग थांबवलं आणि कात्री
दोनदा नुसतीच हवेत चालवली.

"काय ऐकत्येस एवढं?"
पानसेकाकू दारात, पिशवी घेऊन.
फोनकडे पाहिलं.
चार्जिंग संपून तो केव्हाच काळा पडला होता.

टेम्पो अजून रिव्हर्समध्येच.

"काही नाही," म्हटलं,
"सुट्टे आहेत का बघा.
आणि जरा बसा ना,
अठराचा सुरू होईल आता."