घटक नववा

मंगळवारी सात ते नऊ. डंगॅननमधल्या पतपेढीच्या वरची खोली.
हीटर एकच, तोही खिडकीशी खोकत बसलेला.
समोर सहा जण, अंगाला अजून
मांस-कारखान्यातल्या साबणाचा वास.

पुस्तक कुठल्याशा सुखी इंग्लंडात छापलेलं.
त्यातली माणसं सारखी छत्र्या विसरतात,
शेजाऱ्याची शिडी उसनी आणतात,
हवा बरी असली की सहलीला जातात.
कोणी मरत नाही. फार तर एक मांजर हरवतं
आणि पुढच्याच वाक्यात सापडतं.

'रिलक्टंट', मी फळ्यावर लिहिते.
अर्थ: मनातून नको असणं, जिवावर येणं.
उदाहरण: टेनिस सोडून घरी जाणं टॉमच्या जिवावर आलं.
रासा, लिथुआनियाची, वहीत लिहिते:
पहाटे चारला माझे हात रिलक्टंट असतात, मी नसते.
यात चूक शोधायला मी जरा वेळ घेते.
सापडत नाही.

'अफोर्ड'. परवडणं.
पुस्तकातल्या बाईंना समुद्राकाठी दुसरं घर
परवडत नाही, बिचाऱ्या.
दिओलिंदा उभी राहून म्हणते:
मला गुरुवारी आजारी पडणं परवडत नाही.
गुरुवारीच का?
सगळे हसतात. पाळ्यांचं गणित
त्यांना तोंडपाठ, मला नाही.

अब्रांव सगळ्यांच्या मागे.
एकसष्ट वर्षांचा, पूर्व तिमोरचा,
रात्रभर सुऱ्या आणि सरकते पट्टे धुणारा.
अक्षर मात्र मिशनच्या शाळेतलं,
पोर्तुगीज फादरच्या छडीखाली घोटलेलं,
माझ्याहून सुरेख.

शेवटचा शब्द 'इव्हेंच्युअली'.
पावणेनऊ झाले होते, मी अर्थ घाईत उरकला:
उशिरा, पण अखेर.
अब्रांवने लिहिलं:
माझा धाकटा भाऊ इव्हेंच्युअली घरी येईल.

कर्ता, क्रियापद, काळ, सगळं जागच्या जागी.
मी लाल शाईने बरोबरची खूण केली,
बाजूला एक हसरा चेहराही काढला,
आणि विचारलं, वा, कधी येतोय?

तो माझ्याकडे पाहत राहिला.
मग सांगितलं, तुटक, वर्तमानकाळातच,
कारण भूतकाळ त्याला अजून नीट येत नाही:
नव्व्याण्णव साल. सप्टेंबर. ट्रक येतो.
माझा भाऊ चढतो. ट्रक डोंगराकडे जातो.

दिओलिंदा हळूच म्हणाली, मिस,
पोर्तुगीजमध्ये पण आहे हा शब्द.
हेच नाक, हेच डोळे.
पण तिकडे त्याचा अर्थ होतो, कदाचित.

'कदाचित' आम्ही ऑक्टोबरमध्येच शिकलो होतो,
दुसऱ्या घटकात, पावसाच्या अंदाजाबरोबर.
मी पेनचं टोपण काढलं.
चूक ती चूक. तेवढ्यासाठीच तर मी तिथे असते.

अब्रांवने त्या ओळीवर तळवा ठेवला.
पाण्याने पांढरट पडलेली, चिरांची बोटं.
म्हणाला, मिस, पुस्तकातला अर्थ परत वाचा.
मी वाचला. उशिरा, पण अखेर.
परत, म्हणाला.
उशिरा, पण अखेर.
पुस्तकात खोटं छापतात?
मी म्हटलं, नाही, सहसा नाही.
मग राहू दे.

खाली व्हॅनचा हॉर्न वाजला, रात्रपाळीची.
त्याने वही जॅकेटच्या आत सरकवली,
चेन गळ्यापर्यंत ओढली,
खुर्ची जागेवर लावली आणि गेला.

हीटर बंद करताना लक्षात आलं,
गृहपाठ द्यायचा राहिला.
फळा पुसला. तो एक शब्द
पुसायचं माझ्या जिवावर आलं.