पावणेतीन फुटांवरून

जागा दोनशे दहा चौरस फूट,
त्यातले चार एका खांबाने खाल्लेले.
चुनाभट्टी, तळमजला, शेजारी झेरॉक्सवाला,
वरच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर.
डॉक्टर कारखानीस म्हणाल्या,
"मुलं दारातच रडायला लागतात हो,
मी अजून हातही लावलेला नसतो."

मी टेप काढला. सवयीने उभ्यानेच मोजू लागले.
मग काय वाटलं कोण जाणे,
ओढणी कमरेला खोचली
आणि गुडघ्यांवर उतरले.

तिथून दवाखाना वेगळाच होता.
टेबलाला वरची बाजू नव्हती, नुसता पोटाखालचा काळोख
आणि प्लायला चिकटलेलं वाळकं च्युइंगगम.
काउंटर म्हणजे भिंत.
भिंतीपलीकडून एक आवाज: नाव? वय? वजन?
स्टीलचा ट्रे दिसत नव्हता,
दिसत होती फक्त त्याची कड
आणि आत काहीतरी किणकिणत होतं.

माझ्या लहानपणीचा दवाखाना लालबागचा.
दुधी काच, काचेमागे स्टोव्ह,
उकळत्या पाण्यात सुईची टकटक.
बाबा म्हणायचे, मुंगी चावते, बस्स.
पुढे कित्येक दिवस
मी मुंग्यांना घाबरायचे.

मुस्तकीम पेंटर म्हणाला, जिराफ काढू?
सगळ्यांकडे जिराफच असतो.
कुसुममावशी फणकारल्या,
बावीस वर्षं हीच फरशी पुसलेली त्यांनी:
"जिराफ बघून कुणाचा ताप उतरलाय?
धुता येईल असा रंग लावा. पोरं ओकतात."
हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.
मी वहीत लिहिलं: ऑइलपेंट, खालून चार फूट.
काउंटरची एक बाजू उतरवली,
इतकी, की ज्याचं नाव त्याने स्वतः सांगावं.

शनिवारी, भुसा उडत असतानाच,
निहाल गमरे आला. वय चार.
दर महिन्याला येणारा,
त्यामुळे सगळं आधीच ठाऊक असलेला.
आईचा हात सोडून तो थेट शिरला
खांब आणि कपाट यांच्यामधल्या फटीत.
नऊ इंचांची फट. धूळ साठते म्हणून
ती बंद करायला मीच सांगितलं होतं विश्वंभर सुताराला.
प्लायचा तुकडा कापून तयारही होता.

आई ओरडली. विश्वंभरने रंधा खाली ठेवला.
डॉक्टर साडीसकट फरशीवर बसल्या, भुशात,
आणि स्टेथोस्कोप फटीत सरकवला.
"आधी तू माझं ऐक."
बराच वेळ काहीच नाही.
मग एका हाताने तो आत ओढून घेतला.
"काय ऐकू येतंय?"
"मिक्सर," तो म्हणाला.

प्लायचा तुकडा माझ्याकडेच पडून राहिला.
कपाट पाच इंच सरकलं, बिल थोडं वाढलं,
फटीच्या कडा विश्वंभरने घासून घासून
शंकरपाळ्याच्या पिठासारख्या मऊ केल्या.
आत रेक्झिनची गादी,
पुसता येणारी, मावशींच्या अटीवर.

मुस्तकीमने कुणाला न विचारता
फटीच्या आत, बाहेरून दिसणार नाही अशी,
एक मुंगी काढून ठेवली.
मी म्हटलं, मुंगी नको रे.
का, ते सांगितलं नाही.
दुसऱ्या दिवशी पाहिलं तर
त्याने तिला लाल बूट घातले होते.

मुलं अजूनही रडतात. सुई सुईच आहे.
पुढच्या महिन्यात मी राहिलेला चेक घ्यायला गेले
तेव्हा निहाल फटीत होता,
कपाळ भिंतीला टेकवून काहीतरी मोजत.
"एक बूट कमी आहे," आतून आवाज आला.

मी ओढणी खोचली, गुडघ्यांवर उतरले.
खरंच. पाचच.