बटाट्याचे डोळे

एलिसेओ शाळेतून बटाटा घेऊन आला.
काळपट जांभळा, मुठीएवढा,
एका अंगाला खरचटलेला.
म्हणाला, हा शिजवायचा नाही. हा माझा आहे.

मी कारखान्यातून नुकतीच परतले होते.
आठ तास पट्ट्यावरून सॅल्मन येतात,
डोकं उडवलेले, एकामागे एक,
आणि मी चिमट्यानं त्यांचे काटे उपटते.
घरी आल्यावरही बोटं थांबत नाहीत.
कपाची कड, टेबलाची फट, पोराच्या स्वेटरची लोकर,
जे हाती लागेल त्यातून
काही ना काही उपटत राहतात.

तो सांगत होता:
एर्सिरा बाईंनी टोपलीभर बटाटे आणले.
प्रत्येकाला एक. बोलायचं नाही.
बाई घंटा वाजवणार,
तिचा आवाज पुरता विझेपर्यंत
नुसतं बघायचं, चाचपायचं.
परत घंटा. परत तेच.
मग सगळे बटाटे टोपलीत,
आणि डोळे मिटून
आपला शोधून काढायचा.
"सापडला?"
"सगळ्यांना सापडला. ब्राउलिओलासुद्धा,
जो खुर्चीवर दोन मिनिटं टिकत नाही."

मी हो हो म्हणत होते.
हो हो म्हणणं हे माझं दुसरं काम,
त्याचा पगार मिळत नाही.
डोक्यात विजेचं बिल, पहाटे पाचची बस,
आईच्या गुडघ्याचं औषध,
भरतीच्या पाण्यानं कुजलेला
घराखालचा तिसरा खांब.

मग त्यानं बटाटा माझ्या हातात ठेवला.
"आता तू."

मला हसू आलं. रागही आला.
अरे, मी चिलोए बेटावरची, बटाट्यांत वाढलेली.
बापाच्या वाफ्यात इतक्या जाती होत्या
की नावं संपायची आणि बटाटे उरायचे.
मला बटाटा शिकवतोस?

तो काही बोलला नाही.
चमच्यानं किटलीवर एकदा वाजवलं.

टण्.
आवाज चुलीमागे गेला, खिडकीच्या काचेला लागला,
बारीक झाला. मला वाटलं, संपला.
नव्हता संपला.
तेवढ्यात दिसलं:
मातीचा एक कण डोळ्यात अडकलेला.
बटाट्याच्या. त्याला अकरा डोळे होते.
खरचटलेल्या जागी नवं कातडं धरू लागलेलं,
बशीतल्या सायीसारखं पातळ.
किती जड असतो बटाटा,
नुसता धरला की.
बोटं कधी थांबली, कळलं नाही.

मान वर केली तर एलिसेओ समोर,
तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघतोय,
आणि त्याच्या खालच्या दातांत खिंडार.
"अरे, हा दात कधी पडला?"
"रविवारी."
आज गुरुवार.
चार दिवस तो माझ्यासमोर जेवला.
चार दिवस मी त्याचं तोंड पुसलं.
"मी सांगितलं होतं. तू हो हो म्हणालीस."

यावर काय बोलणार.
बोटाचं टोक त्या खिंडारात ठेवलं.
ओलं, मऊ, आणि मधोमध करवतीसारखी
नव्या दाताची धार.

कुणी विचारेल, यानं झालं काय?
खांब तसाच कुजतोय. बस पाचलाच येते.
पट्टा कुणासाठी थांबत नाही,
आणि बाईंच्या घंटेला कारखान्यात परवानगी नाही.
पण एका माशाच्या शेपटीपासून
दुसऱ्याच्या मानेपर्यंत
वीतभर रिकामा पट्टा असतो. ओला, काळा.
नऊ वर्षं तो माझ्यासमोरून जात होता.
आता तेवढ्या जागेत मी एक श्वास घेते.
रोज जमत नाही.
मंगळवारी अजिबात नाही जमलं.

बटाटा खिडकीत आहे.
त्याला कोंब फुटलेत, तीन,
गुलाबी, आंधळ्यासारखे काचेकडे चाचपडत.
एलिसेओ म्हणतो, आता लावायला हवा.
मी हो म्हटलं.
एकदाच.