द्विवचन

हामरफेस्टच्या इस्पितळात नोव्हेंबर सरताना
दुपारी एकलाच सगळे दिवे लागलेले असतात.
उजेडाच्या पेटीवर आइलुच्या मेंदूचं चित्र:
डाव्या कानशिलाच्या आत
अक्रोडाएवढा राखाडी डाग.
डॉक्टर पेनाच्या टोकानं दाखवतात,
इथं शब्द असतात.
असायचे.

बाप बोलतोय, पण नॉर्वेजियन नाही.
कागदावर नोंद झाली: निरर्थक उच्चार, ओघ बरा.
तोरूननं खाली सही केली.

तिसऱ्या दिवशी फरशी पुसणारी बिरेत
हातातला मॉप तसाच धरून दारात थबकली.
"निरर्थक कसलं!
जाळं ओढून घेतलंत का, विचारताहेत.
वारा फिरलाय, म्हणताहेत."

सात वर्षांचा होता, तेव्हा त्याला
बोटीत घालून वसतिगृहाच्या शाळेत नेलं.
तिथं घरचा शब्द तोंडातून निसटला
की हातावर पट्टी, आणि रात्रीचं जेवण बंद.
मग सत्तर वर्षं तो नॉर्वेजियनमध्येच
भांडला, कर भरले, लग्न केलं, लेकीवर ओरडला.
सामी कुठं ठेवली ते कुणाला सांगितलं नाही.
रक्ताच्या गुठळीलाही ती सापडली नाही.

असं का होतं? वाचा-उपचार करणारी सिग्ने
खरं तेच सांगते: नक्की माहीत नाही.
कधी पहिली भाषा जाते, कधी नंतरची,
कधी दोन्ही, आणि परततात
पाळी लावल्यासारख्या, एक दिवसाआड.

तोरून वही घेऊन बसते. वय एकोणपन्नास.
सिग्ने सांगत असते बाळांचं:
सहा महिन्यांच्या कानाला
जगातले बहुतेक आवाज वेगवेगळे कळतात.
वर्षाचं होईतो
घरात न लागणारे ते सोडून देतं,
रडत नाही त्यासाठी.
तोरून ऐकते, आणि नखानं वहीचा कोपरा दुमडत राहते.

पण ओक्ता, गुओक्ते, गोल्ब्मा
म्हणताना तिची जीभ अडखळत नाही!
एक, दोन, तीन.
धक्क्यावर मासे मोजायचा ना तो,
पाठ करून, पुटपुटत.
बाकी सगळं बदललं, मोजणं तेवढं राहून गेलं,
आणि खोक्यावर बसून पाय हलवणारी पोर
ते साठवत होती.
तिलाही पत्ता नव्हता.

सर्वनामांपाशी मात्र ती अडकते.
मुन, म्हणजे मी.
मी, म्हणजे आम्ही.
(हो, मराठी वाचणाऱ्या माणसा, नीट वाच:
त्यांच्या 'मी'त एकट्याला जागा नाही,
निदान तिघं लागतात.)

संध्याकाळी ती वाक्य जुळवते,
बिरेतनं शिकवलेलं, घरी जाण्याविषयी,
त्यात त्यांचं ते 'मी'.
आइलु उशीवर मान वळवतो.
दाराकडे बघतो, मग पडद्यामागे,
तिसरं कोण आलंय ते शोधत.
तिसरी खुर्ची. तिच्यावर त्याचा कोट.
सोल्वाइग मार्चमध्ये गेली.

मग चालतो तो डावा हात उचलून
लेकीच्या खांद्यावर बोट टेकवतो,
तेच बोट स्वतःच्या छातीवर:
मोआइ.
ती म्हणते, मी.
तो नाही म्हणून मान हलवतो.
हातावर पट्टी बसत नाही.
मोआइ. फक्त दोघं, दोघांपुरतं आम्ही.
आपल्याकडेही होतं द्विवचन, संस्कृतात,
वाटेत कुठं सांडलं, कुणी मागे वळून पाहिलं नाही.

आणि आई होती तेव्हा?
हे ती विचारते नॉर्वेजियनमध्ये, न राहवून.
तो तिच्या ओठांकडे बघत राहतो,
परक्या बंदरात उतरल्यासारखा.
म्हणून ती बोट करते,
आधी त्याच्याकडे, मग स्वतःकडे,
मग खुर्चीवरच्या कोटाकडे.

मी,
तो म्हणतो. लगेच.

ती लिहून घेते.