खिडकीपाशी केटली

सारेमा बेटावर, अग्निशमन दलाच्या शेडमध्ये,
बंब बाहेर उभा करून भरवलेलं प्रदर्शन.
वादळं, दीपगृहं, हंसांचे थवे,
आणि दाराआड, कोट अडकवायच्या खुंट्यांखाली
वीतभर कागदावर एक केटली.

एनॅमलची. तोटीचा टवका उडालेला.
झाकण कधीच हरवलंय, वर बशी पालथी.

मी वाकून बघतो.
पांढरा रंग कुठेच नाही.
जिथे केटली पांढरी आहे, तिथे हेल्दुरने
फक्त हात आवरलाय.
कागद राहू दिलाय तसाच, कोरा,
आणि निळसर सावलीने त्याला वळसा घातलाय
झोपलेल्या माणसाच्या अंथरुणाला घालावा तसा.
टवक्यासाठी मात्र पेटीतला
सगळ्यात काळा रंग काढलाय,
उडदाएवढा.

फेरीबोटीच्या इंजिनखोलीत
सव्वीस वर्षं होतो मी याच्या शेजारी.
पाना आदळल्याशिवाय कधी खाली ठेवला नाही याने.

वाइके येऊन उभी राहते.
"तीन आठवडे," ती म्हणते,
"तीन आठवडे मी कॉफी पातेल्यात उकळली.
केटलीला हात लावायचा नाही,
धूळ पुसायची नाही,
पडदा ओढायचा नाही.
ओतताना निम्मी कॉफी शेगडीवर.
आणि ती बशी माझ्या आईची.
तिची निळी रेघ अर्ध्यातच सोडलीय, बघ."

सोडलीय खरी.
तिथे ऊन पडलंय. मी काही बोलत नाही.

मग केटलीच्या पोटात मला
खिडकी दिसते, वाकडी, नखाएवढी,
आणि तिच्या कडेला
ओल्यावर ओलाच टेकवलेला एक तपकिरी ठिपका:
खाली थोडा रुंद,
वर थोडा वाकलेला,
पातेल्यावर वाकावं तसा.

"हे काय आहे गं?"

ती पिशवीतून चष्मा काढते,
काचा स्वेटरला पुसते,
कागदाला नाक लागेल इतकी पुढे होते.
मागे कुणीतरी केक कापतंय.
बाहेर बंबापाशी हेल्दुर
एका पोराला पंपाचा व्हॉल्व्ह समजावतोय,
मोठमोठ्याने.

"रंग ओघळलाय," वाइके म्हणते.
"घाई असते ना त्याला."

चष्मा काही काढत नाही.