डांबर

(न्यूपोर्ट, ऱ्होड आयलंड, १७८४)

मास्तरांनी प्रश्न दिलाय म्हणतोस:
राजाविरुद्धचं बंड न्याय्य होतं का.
उत्तर पाटीवर मावलं पाहिजे.

पाटी ठेव बाजूला.
हे वाटाण्याचं टोपलं घे मांडीवर,
सोलता सोलता ऐक.

तू पोटात होतास, पाचवा महिना.
जानेवारीची रात्र, बंदरात बर्फाचे पापुद्रे.
तुझा बाप घाईने आत आला
आणि माझ्या डोक्याखालची उशी ओढून घेऊन गेला.
माहेरून आणलेली हंसाच्या पिसांची उशी.
कशाला, ते मी विचारलं नाही.
धक्क्यावर डांबर तापल्याचा वास
घरापर्यंत येत होता.

पहाटे दार वाजलं.
ओबेद थॅक्स्टर, जकातीचा कारकून, तुझ्या आत्याचा नवरा.
आमच्या लग्नाच्या नोंदीवर साक्षीदार म्हणून
त्याचीच सही आहे, वळणदार.
दारात उभा होता तो माणूस आहे हे
मला डोळ्यांवरून कळलं.

डुकराची चरबी लावून लावून
मी त्याच्या पाठीवरचं डांबर खरवडलं.
कातडी सोबत यायची.
तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला,
'जेरुशा, पिपं मोजायचा पगार होता गं मला.'
आणि माझ्या बोटांना चिकटत होती
माझीच पिसं.

आता दुसरं ऐक, नाहीतर म्हणशील
आई राजाच्या बाजूची.
तुझ्या बापाचं गलबत याच ओबेदने पकडून दिलं होतं.
काकवीची चाळीस पिपं.
खटला कुठे? तर हॅलिफॅक्सला,
बर्फातून तीन आठवडे लांब.
पंच नाहीत, गावचा एक माणूस नाही,
आणि पकडून देणाऱ्याला मालात वाटा.
ज्याची काठी त्याची म्हैस, बाळा,
आणि काठी समुद्रापलीकडे.
चहावरच्या तीन पेन्यांचं काय घेऊन बसलास?
तीन पेन्या आम्ही देवळात टाकतो.
न विचारता खिशात घातलेला हात
तीन पेन्यांसाठी असो की तीनशेंसाठी,
झोंबतो तो हात.

हे सगळं खरं.

आणि हेही:
त्या पहाटे कंदील धरून उभा होता क्वाको.
तुझ्या आजोबांनी धक्क्यावरून विकत आणलेला,
म्हणजे आमचा.
चरबी संपली तेव्हा दुसरं भांडं त्यानेच आणून दिलं.
मग कंदिलाकडे बघत म्हणाला,
'बाईसाहेब, न विचारता कर लावला
म्हणून एवढं सगळं होतं का?'
मी हो म्हटलं.
तो काही बोलला नाही.
वात जरा खाली केली त्याने.

पाच वर्षांनी इंग्रजांची जहाजं बंदर सोडून गेली
तेव्हा क्वाको त्यांच्यासोबत गेला.
माझी एक सुरी आणि बापाचा जुना कोट घेऊन.
गावात म्हणाले, बघा, खाल्ल्या घरचे वासे मोजणारा.
कुणाचं घर, नि कुणी खाल्लं कुणाचं?
त्यानेही बंडच केलं, आमच्याविरुद्ध.
ते न्याय्य होतं का,
हा प्रश्न मास्तरांनी दिलाय का पाटीवर?

नाही ना.

तुझा बाप ब्रुकलिनपाशी बंदीजहाजावर तापाने गेला.
ओबेद नोव्हा स्कोशियात बटाटे लावतो,
पत्रात हवा आणि पिकापलीकडे काही लिहीत नाही.
अक्षर मात्र अजून तसंच.

काय लिहू म्हणतोस?
लिही, होतं.
माझ्या मनातही तेच आहे, खोटं नाही सांगत.
फक्त 'होतं' लिहिताना हात जरा सावकाश चालव,
आणि मास्तरांनी कारणं विचारली तर
गलबताचं सांग. उशीचं
सांगायचं की नाही ते तू ठरव.

पिसं पुन्हा जमवली नाहीत मी.
मक्याची सालं भरली त्या खोळीत.
कूस बदलली की
अजून कुरकुरते.