रिकामी जागा

कुपवाडच्या शेडमध्ये आम्ही
खोटी कंट्रोल रूम उभी केली :
पुठ्ठा, प्लायवूड, कागदावर छापलेले मीटर.
अणुभट्टी कुठेच नाही.
मागे पावडर कोटिंगची भट्टी, तेवढीच.

दस्तगीर मुजावर मिरजेहून आले.
एकतीस वर्षं शिफ्ट केलेला माणूस.
चप्पल दाराशी काढू लागले, मी म्हटलं, असू द्या,
तरी काढलीच.

बराच वेळ नुसते उभे.
मग डोळे मिटून डावा हात पुढे केला.
बोटं थांबली तिथे दोन स्विच,
शेजारी शेजारी, एका साच्यातले,
एक अ पंपाचा, एक ब.

"हितंच," म्हणाले.

पहाटेचे सव्वातीन.
एकदम चाळीस दिवे लागले,
सगळे लाल, सगळे सारखेच तातडीचे.
मांडवात सगळेच मानकरी म्हटल्यावर
नवरदेवाला पाणी कोण विचारणार?
भोंगा असा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना.
गळत होता अ.
हातानं ब बंद केला.

"कुणाला काही झालं नाही बरं का,"
हे मात्र घाईनं.
अहवालात दोन शब्द : मानवी चूक.
"मानव म्हणजे मी."

पुढे त्यांनी ब स्विचला
सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब गुंडाळली,
बोटाला कळावं म्हणून.
तपासणीच्या साहेबांनी ब्लेडनं कापून टाकली.
नियमात नव्हती.

त्या दिवशी चारपर्यंत कुणी जेवलं नाही.
ब उजवीकडे नेला, वीतभर लांब.
अ ला चौकोनी डोकं, ब ला गोल.
चाळीस दिव्यांतले सदतीस गप्प केले,
आधी बोलायचं त्यानंच आधी बोलावं.
मग सन्मतीनं शेडचे दिवे घालवले
आणि मी भोंगा दिला.

मुजावरांचा हात
पुन्हा जुन्याच जागी गेला.

आम्ही कुणी काही बोललो नाही.
बोटं चाचपडली. तिथे
फक्त गुळगुळीत प्लायवूड.
दाबायला काही नाही. बिघडायला काही नाही.
क्षणभर हात तिथेच टेकला,
मग सरकला, चौकोन शोधला.

"ही जागा भरू नका," म्हणाले.
"हात जुना हाय. त्याला चुकायला
कुठंतरी जागा लागंल."

साडेसहाच्या एसटीत त्यांना बसवून आलो.

आज हेड ऑफिसचा मेल :
मधला पत्रा वाया का घालवलाय?
निदान कंपनीचं नाव तरी टाका.

उत्तर अजून लिहिलेलं नाही.
ड्रिल मशीनची वायर मात्र
काढून ठेवली आहे.